लाडनूं : मरुभूमीतील एक लहान विद्यापीठ

राजस्थानच्या नकाशावर लाडनूं शोधायचे असेल, तर रतनगढ ते डेगाणा हा लोहमार्ग बोटाने धरून खाली यावे. सुजानगढ ओलांडले की दहा-बारा किलोमीटरवर लाडनूं येते आणि त्यापुढे खाऱ्या पाण्याच्या सरोवरासाठी प्रसिद्ध असलेले डीडवाना. पूर्वी हे गाव नागौर जिल्ह्यात होते. २०२३ मध्ये डीडवाना-कुचामन हा नवा जिल्हा झाला, तेव्हापासून ते त्यात गणले जाते. ही थरच्या वाळवंटाची पूर्वेकडील कड आहे. अफाट वाळूचे डोंगर येथे नाहीत. पण रेताड जमीन, दूरदूर उभी असलेली खेजडीची झाडे, मेंढ्यांचे कळप आणि क्षितिजापर्यंत अडथळा नसलेले आकाश आहे. सुजानगढच्या पलीकडे ताल छापरच्या सपाट माळावर काळविटांचे कळप निर्भयपणे चरताना दिसतात.

महाराष्ट्रातून राजस्थानात जाणारा जैन यात्रेकरू बहुधा राणकपूर, आबू, नाकोडा, श्रीमहावीरजी या वाटेने जातो. लाडनूं त्याच्या वाटेवर सहसा येत नाही. वास्तविक गाव प्राचीन आहे. तेथील दिगंबर जैन मोठ्या मंदिरातील बाराव्या शतकातील संगमरवरी सरस्वती ही जैन शिल्पकलेच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. तेरापंथ संप्रदायाचे नववे आचार्य श्री तुलसी यांचा जन्मही याच गावी १९१४ मध्ये झाला. परंतु आज लाडनूंचे नाव देशाबाहेर पोहोचले आहे ते मुख्यतः एका शिक्षणसंस्थेमुळे. ती संस्था म्हणजे जैन विश्व भारती आणि तिच्याच परिसरात उभे असलेले अभिमत विद्यापीठ.

जैन विश्व भारतीची स्थापना १९७० मध्ये झाली. आगमसंपादन, ग्रंथप्रकाशन, साधना आणि शिक्षण ही तिची मूळ कार्ये. तेथील अध्ययनाला २० मार्च १९९१ रोजी केंद्र सरकारने विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार अभिमत विद्यापीठाचा दर्जा दिला. म्हणजे हे सरकारने काढलेले विद्यापीठ नव्हे. समाजाने उभे केलेले आणि शासनाने मान्यता दिलेले खासगी विद्यापीठ होय. येथे कुलपती व कुलगुरू यांच्याबरोबर ‘अनुशास्ता’ हे अन्यत्र न आढळणारे पद आहे. आचार्य तुलसी पहिले अनुशास्ता, त्यांच्यानंतर आचार्य महाप्रज्ञ आणि आता आचार्य महाश्रमण. जैनविद्या व तुलनात्मक धर्म-दर्शन, प्राकृत व संस्कृत, अहिंसा व शांती, योग व जीवनविज्ञान, शिक्षणशास्त्र असे येथील विभाग आहेत. विद्यापीठाच्या बोधवाक्याचा आशय असा, की ज्ञानाचे सार आचरणात आहे.

पाहुण्यांना परिसर दाखवला जातो तेव्हा या गोष्टी सांगितल्या जातात. पण विद्यापीठाची खरी ओळख पाहुण्याला होत नाही, ती विद्यार्थ्याला होते. पाहुणा दोन तासांत सभागृह, ग्रंथालय आणि मोर पाहून परततो. विद्यार्थ्याला येथे दोन वर्षे काढायची असतात. म्हणून सांगली-कोल्हापूरकडून प्राकृत किंवा जैनविद्या शिकण्यासाठी इतक्या दूर येणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या नजरेने हा परिसर पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

तिला सर्वप्रथम जाणवते ती शांतता. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयात प्रवेशद्वारापाशी जी वर्दळ असते, तिचा येथे मागमूस नाही. नाट्यस्पर्धांचे फलक नाहीत, उपाहारगृहातील कोलाहल नाही. कडुनिंबाच्या सावलीतून जाणारे रस्ते, शुभ्र वस्त्रे नेसलेल्या समणींची संथ ये-जा आणि भल्या पहाटे मोरांची केका. पहिल्या आठवड्यात ही शांतता सुखावते. तिसऱ्या आठवड्यात ती अंगावर येते. सायंकाळी फिरायला जावे असा समुद्रकिनारा नाही, रंकाळा नाही, पुस्तकांच्या दुकानांची रांग नाही.

मग जाणवते ते हवामान. शेजारच्या चुरू येथे उन्हाळ्यात पारा ५० अंशांवर आणि हिवाळ्यात शून्याखाली गेल्याच्या नोंदी आहेत; लाडनूं त्याच पट्ट्यातले. डिसेंबरच्या पहाटे बादलीतल्या पाण्यात हात घालवत नाही आणि मे महिन्यात दुपारी भिंतीला पाठ टेकवत नाही. कृष्णाकाठी वाढलेल्या मुलीला पाणी ही मोजून वापरायची वस्तू आहे हे येथे कळते. पावसाचे पाणी घराघरांतील भूमिगत टाक्यात साठवून वर्षभर पुरवण्याची या प्रदेशाची जुनी रीत आहे. पाणी गाळून आणि बेताने वापरावे हा संस्कार तिने घरी आजीकडून घेतलेला असतो. त्या संस्कारामागची निकड तिला या भूमीत उमगते.

अन्नाचेही तसेच. बाजरीची भाकरी तिला परकी नसते, पण कैर-सांगरीची भाजी नवी असते. सांगरी म्हणजे खेजडीच्या, अर्थात आपल्या शमीच्या, वाळवलेल्या कोवळ्या शेंगा. कैर म्हणजे काटेरी झुडपाची छोटी आंबट-तुरट फळे. भाजीपाला न पिकणाऱ्या भूमीने वाळवून, टिकवून, जपून खाण्याची ही कला शोधली. दसऱ्याला आपण ज्या शमीची पूजा करतो, तीच शमी येथे माणसांना आणि जनावरांना जगवते. घरच्या झणझणीत आमटीची आठवण काढीत ती विद्यार्थिनी ही भाजी आधी नाइलाजाने आणि मग आवडीने खाऊ लागते.

लहान विद्यापीठाचा खरा अनुभव मात्र वर्गात येतो. प्राकृतासारख्या विषयाच्या पदव्युत्तर वर्गात विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतकेच असतात. मोठ्या महाविद्यालयात शंभर जणांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून तास काढता येतो. येथे शेवटचा बाक हाच पहिला बाक असतो. गाथेचा अर्थ लावण्याची पाळी रोज येते. वाचून न आल्यास ते पहिल्या पाच मिनिटांत उघड होते. अशा वर्गात गुरूला विद्यार्थ्याची चूकच नव्हे, ती चूक होण्याचे कारणही कळते. संस्कृतच्या सवयीने तो प्राकृत वाचतो आहे, की हिंदीच्या आधाराने अंदाज करतो आहे, हे ओळखून त्याला वाट दाखवता येते. लहान संख्येचा हा मोठाच लाभ आहे. तिचा जाचही तितकाच. आज मन लागत नाही, उद्या बोलू, असे म्हणण्याची सोय नाही. आणि चार सहाध्यायींपैकी एकाशी अबोला धरला तर पाव वर्गाशी अबोला होतो.

याच वर्गात मराठी विद्यार्थिनीला एक अनपेक्षित सुख लाभते. घरापासून इतक्या लांब, मारवाडी बोलणाऱ्या मुलखात, शेकडो वर्षांपूर्वीच्या गाथांमधून तिची आईची भाषा तिला भेटते. ‘तुप्प’ या शब्दापाशी हिंदी भाषक विद्यार्थी अडखळतो. तिला तूप आपोआप कळते, आणि ती सीमाभागातली असेल तर कन्नडमधला तुप्पही आठवतो. ‘पोट्ट’ म्हणजे पोट, ‘चिक्खल्ल’ म्हणजे चिखल, ‘पाउस’ म्हणजे पाऊस. शब्दकोश उघडावा लागत नाही. हालाच्या गाथासप्तशतीची भाषा माहाराष्ट्री प्राकृत आहे; विमलसूरींचे ‘पउमचरिय’ आणि श्वेतांबर परंपरेतील पुष्कळसे कथावाङ्मय जैन माहाराष्ट्रीत आहे. उलट दिगंबर परंपरेतील आचार्य कुंदकुंदांच्या गाथा शौरसेनीच्या वळणाच्या आहेत आणि श्वेतांबर आगमांची भाषा अर्धमागधी. घरी ‘समयसार’ ऐकत वाढलेल्या दिगंबर कुटुंबातील मुलीला श्वेतांबर तेरापंथाच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या विद्यापीठात या तिन्ही प्राकृत शेजारी-शेजारी मांडून वाचाव्या लागतात. एका परंपरेने जपलेला ग्रंथ दुसऱ्या परंपरेच्या ग्रंथाशिवाय पुरता समजत नाही, ही गोष्ट भाषणांतून शंभरदा ऐकली तरी पटत नाही. दोन्ही पाठ समोर ठेवून एक शब्द सोडवताना ती एका दुपारीत पटते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच निर्णयात पाली, असमिया आणि बंगाली यांच्यासह प्राकृतालाही तो दर्जा मिळाला. महाराष्ट्रात त्या दिवशी मराठीचा आनंद साजरा झाला आणि ते योग्यच होते. पण मराठीच्या पूर्वजेलाही त्याच दिवशी तोच मान मिळाला, याकडे फारसे लक्ष गेले नाही. मराठीच्या अभिजातपणाचा एक मोठा आधार माहाराष्ट्री प्राकृत हाच आहे. ती भाषा वाचू शकणारी तरुण माणसे किती उरली आहेत, हा प्रश्न म्हणूनच केवळ एका विद्यापीठाचा राहत नाही.

या विद्यापीठातील गुरुवर्गाचे स्वरूपही वेगळे आहे. येथील अध्यापनात समणींचा मोठा सहभाग राहिला आहे. आचार्य तुलसी यांनी १९८० मध्ये समणश्रेणीचा आरंभ केला. साध्वींना वाहनाने प्रवास वर्ज्य असतो. समणींना अध्ययन-अध्यापन आणि धर्मप्रसारासाठी तो करता येतो, परदेशीही जाता येते. त्यामुळे या श्रेणीतील विदुषींनी देशाबाहेरच्या विद्यापीठांतही जैनविद्या शिकवली आहे आणि या विद्यापीठाचे कुलगुरूपदही समणींनी भूषवले आहे. विद्यार्थ्याच्या दृष्टीने याचा अर्थ साधा, पण दूरगामी आहे. परिग्रह-परिमाणाचे सूत्र अन्यत्र जे शिकवतात ते महिन्याच्या पगारावर घर चालवणारे प्राध्यापक असतात. त्यात गैर काहीच नाही. येथे ते सूत्र शिकवणारी व्यक्ती घर, मालमत्ता आणि आप्तांचा पाश सोडून आलेली असते. फळ्यावर लिहिलेली व्याख्या आणि ती लिहिणारा हात यांत अंतर उरत नाही.

पण यामुळेच विचारी विद्यार्थ्याच्या मनात एक प्रश्नही उभा राहतो. ज्ञानाचे सार आचरण असेल, तर परीक्षा कशाची घ्यायची? गणिताच्या विद्यार्थ्याला कोणी विचारत नाही की तुझे वर्तन कसे आहे. येथे प्रेक्षाध्यानाची सैद्धांतिक माहिती उत्तरपत्रिकेत लिहून उत्तम गुण मिळवता येतात आणि वसतिगृहात क्षुल्लक कारणावरून भांडताही येते. प्रेक्षा म्हणजे खोलवर पाहणे. आचार्य महाप्रज्ञांनी १९७५ च्या सुमारास या ध्यानपद्धतीला शास्त्रशुद्ध रूप दिले आणि पुढे शालेय शिक्षणासाठी जीवनविज्ञानाची मांडणी केली. ती शिकताना एखाद्या सकाळी श्वासाकडे लक्ष देण्याऐवजी विद्यार्थिनी न्याहारीचाच विचार करीत असते. धर्म हा अभ्यासाचा विषय झाला की त्याचे पाठांतर होते, आणि आचाराचा नियम झाला की त्याचा कंटाळा येतो. दोन्ही धोके येथे आहेत. विद्यापीठ त्यातून विद्यार्थ्याला आपोआप सोडवत नाही. ते फक्त एवढी व्यवस्था करते, की बोललेले आणि जगलेले यांतील तफावत लपवायला जागा मिळू नये. मोठ्या शहरात ती तफावत गर्दीत हरवते. येथे सर्वांना सर्व दिसते, आणि मुख्य म्हणजे ज्याची त्याला दिसते.

या परिसराचा आणखी एक भाग आहे, जो दूरच्या विद्यार्थिनीला कदाचित सर्वांत अधिक शिकवून जातो. तो म्हणजे आचार्य कालू कन्या महाविद्यालय. आचार्य तुलसींचे गुरू आचार्य कालूगणी यांच्या नावाचे हे महाविद्यालय विद्यापीठाचाच भाग आहे आणि गावातील व आसपासच्या खेड्यांतील मुली येथे पदवीचे शिक्षण घेतात. त्या केवळ जैन घरांतील नसतात. सर्व जाती-धर्मांच्या मुलींना येथे प्रवेश आहे. मारवाडच्या या भागात पडदा, बालविवाह आणि विधवांवरील कठोर बंधने यांचा पगडा जबरदस्त होता. आचार्य तुलसींनी १९४९ मध्ये सरदारशहर येथे अणुव्रत आंदोलन सुरू केले आणि पुढे या रूढींविरुद्धही समाजाला स्पष्ट शब्दांत सुनावले. त्यासाठी त्यांना विरोधही सोसावा लागला.

महाराष्ट्रातील मुलीला महाविद्यालयात जाणे हा स्वाभाविक हक्क वाटतो. येथे तिच्या शेजारी एखादी मुलगी बसते, जिच्या घरात आईने चेहऱ्यावरचा घुंगट सासऱ्यासमोर कधी दूर केलेला नसतो. त्या मुलीच्या दृष्टीने लाडनूंचे हे विद्यापीठ लहान नसते. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेले आणि वडिलांनी विश्वासाने पाठवावे असे ते एकमेव दार असते. शिकण्यासाठी दूर पाठवणार नाहीत, हे तिला ठाऊक असते. मोठ्या शहराच्या मोजपट्टीने या संस्थेचे मोल करणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये. लहान गावातील लहान विद्यापीठ हे तेथील मुलींसाठी कित्येकदा शिक्षण आणि विवाह यांच्यामधला एकमेव अवकाश असतो.

आता अडचणींकडेही सरळ पाहिले पाहिजे. लाडनूं दूर आहे. मोठे शहर गाठायचे तर जयपूर वा जोधपूरपर्यंतचा दीर्घ प्रवास करावा लागतो. अन्य विषयांचे विद्यार्थी भेटत नाहीत. अभियंता, डॉक्टर, चित्रकार होऊ पाहणाऱ्या समवयस्कांशी वाद घालून जे शिक्षण होते, ते येथे घडत नाही. आणि सर्वांत मोठी चिंता उदरनिर्वाहाची. प्राकृत शिकून पुढे काय, हा प्रश्न घरच्या प्रत्येक दूरध्वनीत असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेट परीक्षेत प्राकृत हा विषय आहे. बौद्ध, जैन, गांधीवादी व शांती अध्ययन हाही आहे. त्यातून अध्यापकाची पात्रता मिळते, पण पात्रता म्हणजे पद नव्हे. देशात प्राकृताच्या अध्यापकांच्या जागा मोजक्याच आहेत. योगाच्या पदवीधराला आज काम मिळणे त्यामानाने सोपे आहे. हस्तलिखित वाचणाऱ्याला नाही. ही विषमता विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटत नाही.

वास्तविक काम आहे, आणि भरपूर आहे. लाडनूंच्या वर्धमान ग्रंथागारात हजारो हस्तलिखिते आहेत. पाटण, जैसलमेर, कारंजा, मूडबिद्री येथील भांडारांची गोष्ट निराळीच. अनेक पोथ्यांची सूची झाली आहे, पण संपादन झालेले नाही. हे काम करणारी माणसे कशी घडतात, याचे उदाहरण महाराष्ट्राला बाहेर शोधावे लागत नाही. डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये हे सदलगा या सीमाभागातील गावचे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकवताना त्यांनी ‘प्रवचनसारा’ची आवृत्ती सिद्ध केली; १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या विद्वानांनी ती प्रमाण मानली. डॉ. हीरालाल जैन यांनी अमरावतीच्या महाविद्यालयात अध्यापन करीत असताना धवलेसह षट्खंडागमाच्या संपादनाचे काम हाती घेतले; त्याचा पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून प्रकाशित झाला. शतकानुशतके मूडबिद्रीत केवळ दर्शनासाठी ठेवलेला ग्रंथ त्यामुळे वाचनासाठी खुला झाला. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने अशा संपादकांच्या पाठीशी उभे राहून ग्रंथ छापले. त्या काळी कोणाजवळही भव्य परिसर नव्हता. होता तो एक गुरू, काही विद्यार्थी आणि त्यांच्या पोटापाण्याची काळजी वाहणारा समाज.

आज परिसर आहेत. समाजाने दान देण्यात कोठेही हात आखडता घेतलेला नाही. सभागृहे, वसतिगृहे, ग्रंथालये उभी राहिली. वसतिगृहाच्या खोलीला आजोबांचे नाव देणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्या खोलीत राहून शिकण्यासाठी नातवाला पाठवणारी कुटुंबे विरळा. मुलगा अभियंता व्हावा, मुलगी संगणकशास्त्रात जावी, आणि प्राकृत मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी मुलांनी शिकावे, अशी आपली एक अव्यक्त अपेक्षा असते. त्या ‘दुसऱ्या कोणाच्या’ मुलांनी जे वर्ग आज जिवंत ठेवले आहेत, त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडे आहे.

सर्वांनीच मुलांना लाडनूंला पाठवावे असे सुचवण्याचे कारण नाही. विद्यापीठाच्या दूरस्थ शिक्षणाच्या योजनेतून देशभरातील अनेक गृहिणी, व्यापारी आणि निवृत्त मंडळी घरी बसून जैनविद्येची पदवी घेतात. पन्नाशीनंतर प्रथमच परीक्षेला बसणाऱ्या आजीला पाहून घरातील नातवंडे चकित होतात. हाही एक मार्ग आहे. पण ज्या घरात एखाद्या मुलाला वा मुलीला भाषांची, जुन्या अक्षरांची, प्रश्न विचारण्याची मनापासून ओढ आहे, त्या घराने ‘पुढे काय’ या प्रश्नाचे सगळे ओझे त्या एकट्या मुलावर टाकू नये. इमारतीसाठी जसा निधी उभा राहतो तसा पदवीनंतरच्या पाच वर्षांच्या संशोधनवृत्तीसाठी उभा राहिला, तर एक विद्यार्थी एक पोथी संपादित करून समाजाच्या हाती देऊ शकेल. दगडी पाटीवर नाव कोरण्यापेक्षा ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत ते छापलेले अधिक काळ टिकते, याची साक्ष उपाध्ये आणि हीरालालजी यांच्या ग्रंथांची पहिली पाने देतात.

राजस्थानच्या यात्रेत लाडनूंसाठी एक दिवस काढणे अवघड नाही. मोठ्या मंदिरातील सरस्वतीचे दर्शन घ्यावे, ग्रंथागार पाहावे, आणि जमल्यास तेथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांशी चार शब्द बोलावेत. परिसर कसा वाटला हे सांगण्यापेक्षा, तुम्ही काय वाचत आहात, एवढेच त्यांना विचारावे. त्या प्रश्नाने त्यांना जो आनंद होईल, तो कोणत्याही देणगीच्या घोषणेने होणार नाही.